कंडेन्सरवाला व्होल्टा

व्होल्टा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो सेल. जस्ताची चकती, चांदीची चकती, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, पुन्हा जस्त, पुन्हा चांदी... मडक्यांच्या उतरंडीसारखी ती उतरंड शाळेच्या पुस्तकात भेटते आणि आपला व्होल्टा तिथेच संपतो. मला मात्र त्याचं वेड लागलं ते फर्स्ट इयरला, बेसिक इलेक्ट्रिकलच्या एका ओळीमुळे. क्यू बरोबर सी व्ही. कपॅसिटरवर साठलेला चार्ज म्हणजे त्याची धारकता गुणिले त्यावरचा दाब. दोन मार्कांचा प्रश्न. किमती टाका, गुणाकार करा, शेवटी कूलॉम लिहायला विसरू नका, झालं. पण हा गुणाकार सुचला कुणाला? दिसत नाही, वजन नाही, हातात धरता येत नाही अशी वस्तू अमुक इतकी आहे असं छातीठोकपणे सांगायची हिंमत कुणी केली? ते शोधता शोधता सेलवाल्या व्होल्टाच्या मागे उभा असलेला कंडेन्सरवाला व्होल्टा मला सापडला. माझ्या मते तोच मोठा.

अलेस्सांद्रो व्होल्टाचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ चा, उत्तर इटलीतल्या कोमो या सरोवराकाठच्या गावात. त्या वेळी इटली नावाचा देश नव्हता, कोमो ऑस्ट्रियाच्या राजवटीत होतं. गंमत म्हणजे जगातला पहिला कपॅसिटरही याच सुमाराचा. १७४५ च्या अखेरीस जर्मनीत क्लाइस्टने आणि १७४६ च्या सुरुवातीला हॉलंडमधल्या लायडनमध्ये मुस्सेनब्रुकने काचेच्या बाटलीत वीज कोंडली आणि दोघांनीही असा सणसणीत झटका खाल्ला की सगळ्या युरोपात बोंब झाली. म्हणजे आपला नायक आणि लायडनची बरणी जवळजवळ एकाच वर्षाची बाळं!

घर खानदानी, पण पैशाची चणचण. वडील लवकर गेले, काकांनी वाढवलं. लहानपणी हा पोरगा चार वर्षांचा होईपर्यंत नीट बोलतच नव्हता; घरच्यांना वाटलं, मुका निघाला. मग जो बोलायला लागला तो थांबला नाही. शाळेतल्या जेझुइट पाद्र्यांना त्याला आपल्यात ओढायचं होतं, काकांना वाटत होतं की पोराने वकील व्हावं. पोराच्या डोक्यात वीज. गात्तोनी नावाच्या एका सधन मित्राने त्याला प्रयोगांसाठी जागा आणि उपकरणं दिली. अठराव्या वर्षाच्या आतबाहेर त्याने पॅरिसच्या नोले या नामांकित शास्त्रज्ञाला पत्रं लिहायला सुरुवात केली, ट्यूरिनच्या बेक्कारियाशीही पत्रव्यवहार केला. १७६९ मध्ये विजेच्या आकर्षणावर पहिला निबंध छापला. आणि हे लक्षात घ्या, या माणसाकडे कुठल्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. के.टी. लागलेल्यांनी यातून सोयीस्कर अर्थ काढू नये, कारण पठ्ठ्या लॅटिन आणि फ्रेंचमध्ये ग्रंथच्या ग्रंथ वाचत होता.

१७७५ मध्ये कोमोच्या शाळेत तो प्रायोगिक भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याच वर्षी त्याने इलेक्ट्रोफोरस लोकांपुढे आणला. राळ-मेणाची एक वडी, तिच्यावर काचेच्या दांड्याची धातूची थाळी. वडी एकदा घासायची, थाळी ठेवायची, बोट लावायचं, थाळी उचलायची की थाळीवर चार्ज तयार. पुन्हा ठेवा, पुन्हा बोट, पुन्हा उचला... वडी दमतच नाही. मूळ कल्पना स्वीडनच्या विल्केची, १७६२ ची, पण ती घराघरात पोचवली व्होल्टाने. या थाळीने त्याला एक खोड लावली. थाळी खाली असताना ठिणगी पडत नाही आणि उचलली की पडते, असं का, हा विचार तो पुढची काही वर्षं करत राहिला.

मध्येच १७७६ मध्ये स्वारी माज्जोरे सरोवरातल्या चिखलात काठी खुपसत बसली होती. वर येणारे बुडबुडे बाटलीत धरून त्याने पेटवले. तो वायू म्हणजे मिथेन, आपल्याकडच्या गोबरगॅसमधला तोच. त्यावर पिस्तूलही केलं, ठिणगी पडली की वायूचा स्फोट. हा माणूस एका विषयावर बसणारा नव्हता, एवढंच सांगून पुढे जातो.

आता मुख्य गोष्ट. १७७८ मध्ये त्याने जिनिव्हाच्या सोस्यूरला एक लांबलचक पत्र लिहिलं, विषय होता विद्युतवाहकांची धारकता. तोपर्यंत लोक विजेचं वर्णन कसं करायचे? ठिणगी मोठी पडली तर वीज जास्त, छोटी तर कमी. झटका जोरात तर जास्त. व्होल्टाने त्यात दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्या. एक, वस्तूवर वीज किती आहे. दोन, ती बाहेर पडायला किती धडपडते आहे. या धडपडीला त्याने नाव दिलं टेन्शन. होय, तेच! आपल्या हॉस्टेलवर सबमिशनच्या आदल्या रात्री प्रत्येक खोलीत जे असतं ते. हाय टेन्शन लाइन म्हणतो तेव्हा आपण त्याचाच शब्द वापरत असतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्या वस्तूची धारकता. वीज किती, तर धारकता गुणिले टेन्शन. आपलं क्यू बरोबर सी व्ही ते हेच.

आपल्या भाषेत सांगायचं तर पावसाळ्यात पागोळीखाली एक पिंप ठेवा आणि एक बाटली ठेवा. दोन्हींत पाणी वीतभर चढलं. उंची सारखी, म्हणजे तळाशी दाब सारखा, पण पाणी सारखं आहे का? नाही. पाणी मोजायचं तर उंचीला भांड्याच्या तळाच्या क्षेत्रफळाने गुणायला हवं. नुसती उंची बघून पाण्याचा हिशेब करणारा माणूस आणि नुसती ठिणगी बघून विजेचा हिशेब करणारा माणूस एकाच वर्गातले. व्होल्टाच्या आधी जवळजवळ सगळेच त्या वर्गात होते. जवळजवळ म्हणतो, कारण इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिशने १७७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच धारकता मोजली होती आणि फार बारकाईने मोजली होती. पण तो विलक्षण लाजाळू. बहुतेक वह्या पेटीतच ठेवल्या, आणि त्या छापल्या थेट मॅक्सवेलने, १८७९ मध्ये. सबमिशन शंभर वर्षं लेट!

१७७८ मध्येच व्होल्टाची नेमणूक पाव्हियाच्या विद्यापीठात झाली आणि पुढची जवळपास चाळीस वर्षं तो तिथलाच झाला. त्याच्या लेक्चरला इतकी गर्दी व्हायची की त्यासाठी नवा हॉल बांधावा लागला. (आपल्याकडे पंचाहत्तर टक्के अटेंडन्सची नोटीस लावावी लागते.) १७८१-८२ मध्ये तो पॅरिस आणि लंडनला गेला, फ्रँकलिनला भेटला, लाव्हॉजिए आणि लाप्लास यांच्याबरोबर प्रयोग केले. आणि १७८२ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा जो निबंध आला त्यात एका नव्या उपकरणाचं नाव होतं, कोंदेन्सातोरे. म्हणजे कंडेन्सर.

इथे मी जरा पोलादपूरला येतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड पाण्याखाली गेलं होतं, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या भागातल्या वाइंडिंगवाल्यांकडे गाळ भरलेल्या मोटारी आणि पंखे यांची रांग होती. मी तिथे तासन् तास बसायचो. तिथे कुणीही कपॅसिटर म्हणत नाही. पंख्याचा कंडेन्सर, पंपाचा कंडेन्सर. आपण शिकलेली मंडळी मनात हसतो आणि शब्द दुरुस्त करतो. वास्तविक कपॅसिटर हा शब्द विसाव्या शतकात रुळलेला, आणि ते काका जो बोलतात तो थेट व्होल्टाचा, १७८२ चा. अडाणी कोण, ते आपापलं ठरवा.

त्याला कंडेन्सर का म्हटलं, तर पातळ वीज दाट करणारा म्हणून. रचना इलेक्ट्रोफोरसचीच, फक्त राळेची वडी काढून टाकली आणि थाळी अर्धवट वाहक अशा संगमरवराच्या लादीवर किंवा वार्निशचा पातळ थर दिलेल्या धातूवर ठेवली. थाळी खाली आहे तोवर दोन पृष्ठभाग अगदी जवळ, म्हणून धारकता प्रचंड. अशा थाळीला अगदी क्षीण विजेचा स्पर्श केला तरी ती भरपूर चार्ज ओढून घेते, टेन्शन मात्र नावाला. मग जोडणी तोडायची आणि थाळी काचेच्या दांड्याने उचलायची. चार्जला जायला जागा नाही, तो तेवढाच राहतो. धारकता मात्र धाडकन खाली येते. गुणाकार तोच ठेवायचा असेल आणि एक संख्या लहान झाली तर दुसरी मोठी व्हायलाच पाहिजे. टेन्शन वाढतं, आणि एरवी ढिम्म न हलणारी विद्युतदर्शकाची काडी हलते.

मी वहीत मांडून पाहिलं. आकडे व्होल्टाचे नाहीत, माझे गृहीत धरलेले. १० सेंटिमीटर व्यासाची थाळी, खाली एक दशांश मिलिमीटर वार्निश, त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३. धारकता येते साधारण २००० पिकोफॅरड. तिला १ व्होल्टचा स्पर्श केला. चार्ज झाला २ नॅनोकूलॉम. थाळी उचलली, विद्युतदर्शक धरून धारकता उरली समजा १० पिकोफॅरड. २ नॅनोकूलॉम भागिले १० पिकोफॅरड, उत्तर २०० व्होल्ट! एक व्होल्टचे दोनशे झाले आणि चार्ज कणभरही वाढला नाही. व्हायवाला विचारण्यासारखा प्रश्न इथेच आहे: ऊर्जा दोनशेपट झाली ती आली कुठून? थाळी उचलणाऱ्या हाताने, दोन विरुद्ध चार्ज एकमेकांना ओढत असताना, जे काम केलं त्यातून.

पुन्हा त्या वाइंडिंगच्या दुकानात. तिथे कंडेन्सर तपासायची रीत अशी की तो क्षणभर मेनला टेकवायचा, काढायचा, आणि दोन्ही वायरी एकमेकींना लावायच्या. चटकन ठिणगी पडली तर माल चांगला. कृपा करून हॉस्टेलवर करून बघू नका. आणि धोका सोडला तरी ही तपासणीच लंगडी आहे. आपला मेन २३० व्होल्टचा म्हणतो, पण तो एसी, सेकंदाला पन्नास वेळा अधिक ३२५ ते उणे ३२५ असा झोके घेणारा. ज्या क्षणी वायर सुटली त्या क्षणी जो दाब असेल तो कंडेन्सरवर राहतो. पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३२५ वर सुटला तर चार्ज ०.०००८१ कूलॉम, म्हणजे ५ वर १५ शून्यं एवढे इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे. शून्याजवळ सुटला तर चार्ज शून्य, ठिणगी नाही, आणि चांगला माल भंगारात! पंपाचा ३६ मायक्रोफॅरडचा घेतला तर ३२५ व्होल्टला ०.०११७ कूलॉम आणि जवळजवळ दोन ज्यूल ऊर्जा, ती बोटांतून गेली तर माणूस स्टुलावरून खाली येतो. मी एकदा काकांना हे वहीवर काढून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा सांगितला, आणि पुढच्या वेळी गेलो तर बाकावर मल्टिमीटर आणि दहा हजार ओहमचा एक जाडजूड रेझिस्टर दिसला. त्या रेझिस्टरने पंपाचा कंडेन्सर दोन सेकंदांत रिकामा होतो.

ठिणगीवर विसंबायचं नाही, मोजायचं, हे व्होल्टाने १७८० च्या दशकात आयुष्याचं कामच करून टाकलं होतं. काड्यांचा विद्युतमापक घेऊन तो टेन्शनचे अंश ठरवत होता, एका उपकरणाचे अंश दुसऱ्याशी जुळवत होता. रटाळ काम. पण याच रटाळ कामाने त्याला पुढची लढाई जिंकून दिली.

१७९१ मध्ये बोलोन्याच्या गॅल्वानीने जाहीर केलं की बेडकाच्या पायात वीज असते. दोन धातू लावले की पाय उडी मारतो. व्होल्टा आधी भारावला, त्याने प्रयोग करून पाहिले, मग त्याला शंका आली. वीज बेडकातली की त्या दोन वेगळ्या धातूंमधली? वाद पेटला, इटलीभर तट पडले. व्होल्टाने बेडूक बाजूलाच ठेवला. चांदी आणि जस्त नुसते एकमेकांना टेकवले आणि आपला कंडेन्सर लावला. दोन धातूंमधला दाब जेमतेम एक व्होल्टच्या आसपास, तो काडीला हलवणार कसा? पण थाळी उचलल्यावर काडी हलली. मिठाच्या पाण्याच्या उतरंडीपर्यंत तो पोचला तो या रस्त्याने. कंडेन्सर नसता तर सेलही नसता, निदान त्याच्या हातून नसता.

गॅल्वानीबद्दल वाईट वाटतं. नेपोलियनच्या नव्या राजवटीची शपथ घ्यायला नकार दिल्याने त्याची नोकरी गेली आणि १७९८ मध्ये तो वारला, सेल बघायलाही राहिला नाही. व्होल्टा अशा बाबतीत व्यवहारी. ऑस्ट्रियन आले तरी तो प्राध्यापक, फ्रेंच आले तरी तो प्राध्यापक. मला हे फारसं आवडत नाही, पण घरात तीन लहान मुलगे होते. १७९४ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्याने तेरेझा पेरेग्रिनीशी लग्न केलं होतं, आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदकही मिळालं होतं.

सेलची बातमी त्याने लंडनला जोसेफ बँक्सला फ्रेंच पत्राने कळवली. पत्राची तारीख २० मार्च १८००. महाडमध्ये राहणाऱ्याला ही तारीख पाठ करावी लागत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं, आणि दर वर्षी त्या दिवशी महाड माणसांनी भरून जातं. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काहीच नाही, पण तारीख वाचल्यावर मी पानावर बोट ठेवून थांबलो होतो, म्हणून लिहिलं.

त्या पत्रातली एक गोष्ट पुस्तकात येत नाही. आपल्या उतरंडीची तुलना व्होल्टाने लायडनच्या बरण्यांशी केली: अगदी थोड्या टेन्शनला चार्ज केलेल्या, पण अफाट धारकतेच्या बरण्या, ज्या रिकाम्या झाल्या की आपोआप पुन्हा भरतात. म्हणजे नवी वस्तू समजून घेतानाही डोक्यात गुणाकार तोच. दाब कमी, तरी वीज भरपूर. बँक्सकडून पत्राची कुणकुण लागताच निकल्सन आणि कार्लाइल यांनी लंडनमध्ये उतरंड बांधून मे महिन्यातच पाण्याचं पृथक्करण केलं; पत्र सोसायटीत वाचलं गेलं ते त्यानंतर, २६ जूनला. सेलमधली वीज रासायनिक क्रियेतून येते हे मात्र व्होल्टाने कधी मानलं नाही. त्याच्या मते धातूंचा नुसता स्पर्श पुरेसा होता. तिथे तो चुकला.

१८०१ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसला नेपोलियनसमोर प्रयोग झाले. नेपोलियन खूश, सुवर्णपदक, पेन्शन, पुढे सेनेटरपद आणि १८१० मध्ये काउंट ही पदवी. व्होल्टाला हे सगळं मिळालं आणि संशोधन जवळजवळ थांबलं. निवृत्ती मागितली तर ती नेपोलियनने देईना. १८१४ मध्ये मधला मुलगा फ्लामिनिओ ऐन तारुण्यात गेला, त्याने बाप खचला. १८१९ मध्ये पाव्हिया सोडून तो कोमोजवळच्या काम्नागोला गेला आणि ५ मार्च १८२७ रोजी वारला.

१८८१ मध्ये पॅरिसला वीजतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि एककांची नावं ठरली. टेन्शनला व्होल्ट, चार्जला कूलॉम, धारकतेला फॅरड. एका समीकरणात तीन माणसं, इटालियन, फ्रेंच आणि इंग्रज. १८९९ मध्ये सेलच्या शंभरीनिमित्त कोमोला मोठं प्रदर्शन भरलं, त्याची मूळ उपकरणं मांडली, आणि आग लागून त्यांतली बरीच जळाली. वाचलेली आणि बरहुकूम नव्याने करवलेली उपकरणं त्याच्या मृत्यूच्या शताब्दीनिमित्त सरोवराकाठी बांधलेल्या स्मारकात ठेवली आहेत. ते १९२८ मध्ये उघडलं. पुढे इटलीच्या दहा हजार लिराच्या नोटेवर त्याचा चेहरा आला, आणि युरो आल्यावर ती नोट गेली.